पिकांच्या रोगांचे जुने दप्तर

आपल्याकडे जमिनीच्या हक्काविषयी तंटा पडला म्हणजे पहिल्याने जुने दप्तर बाहेर काढण्याची चाल आहे. सात-बाराचा उतारा, त्यामागील फेरफार, त्यांच्याही मागील मोडी कागद, असे एकेक पान उलटीत मागे गेले म्हणजे आज जो कबजेदार दिसतो तो मूळचा की मागाहून शिरलेला, याचा निवाडा होतो. पिकावर रोग पडला असता मात्र आम्ही बागायतदार असा काही शोध करीत नाही. रोग ही पावसासारखी एक दैवगती आहे. ती आजोबांच्या वेळी होती, आज आहे व पुढेही राहणार, अशी आपली समजूत. कोळे म्हणजे कोळे, करपा म्हणजे करपा आणि खैऱ्या म्हणजे खैऱ्या. त्यात जुने-नवे ते काय पाहावयाचे?

ही समजूत बरोबर नाही, आणि ती बरोबर नसल्याचा पुरावा गेल्या पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनी मोठ्या परिश्रमाने गोळा केला आहे. विशेष हे की, हा पुरावा त्यांस उभ्या पिकात सापडला नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणी तरी वाळवून, कागदावर चिकटवून, तारीखवार टिपण करून ठेवलेल्या रोगट पानांत तो सापडला. या शोधाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. परंतु केवळ मनोरंजनासाठी ती आम्ही येथे देत नाही. मिठबावसारख्या समुद्रकाठच्या गावी ज्यांची पोफळीची, माडांची व आंब्याची वाडी आहे, त्यांनी पुढील पावसाळ्यापूर्वी काय करावे व काय टाळावे, याचा बोध तीतून होतो, म्हणून ती सविस्तर सांगण्याचे योजिले आहे.

कोळे रोगाची पूर्वपीठिका

प्रथम आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. मृग व आर्द्रा नक्षत्रांचा पाऊस एकसारखा लागला, हवेत गारवा आला, मध्येच घटकाभर ऊन पडून पुन्हा झिमझिम सुरू झाली, म्हणजे पोफळीच्या कोवळ्या फळांवर देठाकडून पाणथळ, गर्द हिरवे डाग पडू लागतात. दोन-चार दिवसांत त्यांवर पांढुरकी बुरशी चढते आणि फळे टपाटप गळून झाडाच्या बुंध्याशी सडा पडतो. हाच कोळे रोग. घाटाखालच्या कानडी मुलखात यास 'कोळेरोग' हेच नाव आहे. कानडीत 'कोळे' म्हणजे कुजणे.

या रोगाचा शास्त्रीय अभ्यास प्रथम म्हैसूर संस्थानात झाला. सन १९०८ मध्ये तेथे नेमणूक झालेले कॅनडातील वनस्पतिरोगशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी मलनाडातील सुपारीच्या बागा पायांखाली घालून १९१० मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. रोगाचे कारण 'फायटोफ्थोरा' या वर्गातील एक सूक्ष्म जीव आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडी घोसांवर मोरचूद व चुना यांचे मिश्रण फवारल्यास त्यास पायबंद बसतो, हे त्यांनी दाखवून दिले. आज आपण जे बोर्डो मिश्रण वापरतो त्याची सुपारीच्या बागेतील परंपरा ती हीच. पुढे १९१३ मध्ये सुपारीवरील या जीवास 'फायटोफ्थोरा अरेकी' असे स्वतंत्र नाव देण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फायटोफ्थोरा दिसावयास बुरशीसारखा असला तरी खऱ्या बुरशीच्या कुळातला नव्हे. त्याचे दूरचे आप्त समुद्रात, खडकांवर वाढणाऱ्या तपकिरी शेवाळांत आहेत. पाण्याची ओढ त्याच्या रक्तातच आहे म्हणावयास हरकत नाही. त्याच्या पिशवीतून सुटलेले बीजाणू दोन शेपट्यांच्या साहाय्याने पाण्याच्या थेंबात पोहत जातात. सबब पाऊस व दव यांवाचून त्याचा संसार चालत नाही.

आता मौज अशी की, कोलमन यांच्या काळी ज्यास 'अरेकी' म्हटले, ती जात पुढील परीक्षणांत 'फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा' या जातीहून निराळी ठरेना. हीच पाल्मिव्होरा माडाचा कोंब कुजविते. उलटपक्षी, अलीकडे कर्नाटकातील व केरळातील कोळे लागलेल्या सुपाऱ्यांची जनुकीय तपासणी केली असता पुष्कळ ठिकाणी 'फायटोफ्थोरा मीडिआय' ही जात हाती लागली, जिचे वर्णन प्रथम १९१८ मध्ये रबराच्या झाडावरून झाले होते. मग प्रश्न उभा राहतो: १९१० मध्येही हीच मीडिआय सुपारी गाळीत होती व केवळ नाव चुकले होते, की मधल्या शंभर वर्षांत जुना कबजेदार जाऊन नवा आला? हा वाद तोंडी साक्षीने मिटणारा नाही. त्यास त्या काळी वाळवून ठेवलेले फळच पाहिजे.

वाळलेले पान काय सांगते

प्रत्येक सजीवाच्या पेशींत त्याचा वंशलेख असतो. शास्त्रात त्यास डीएनए म्हणतात. तो चारच अक्षरांत लिहिलेला आहे. परंतु लेख फार लांब. बटाट्यावरील फायटोफ्थोराचा संपूर्ण लेख २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तो सुमारे चोवीस कोटी अक्षरांचा भरला. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत हा लेख उतरताना क्वचित एखादे अक्षर चुकते. जुन्या पोथ्यांची नक्कल करताना लेखकाच्या हातून जशा चुका होत व त्या पुढील प्रत्येक नकलेत जशाच्या तशा उतरत, तोच हा प्रकार. दोन पोथ्यांत एकच चूक एकाच ठिकाणी आढळली म्हणजे त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या, असे पंडित अनुमान करितात. रोगजंतूंच्या बाबतीतही हेच अनुमान चालते. अशा अक्षरबदलास शेतकऱ्याच्या भाषेत फेरफार हाच शब्द उत्तम शोभतो. कारण फेरफारांची क्रमवार नोंद पाहिली की मालकीचा इतिहास उलगडतो.

तथापि आजच्या जंतूंचे लेख कितीही जुळविले तरी एक अडचण राहते. कोणता फेरफार केव्हा झाला, हे केवळ आजच्या उताऱ्यावरून सांगता येत नाही, आणि जे वंश निर्वंश झाले त्यांचा तर मागमूसही त्यात नसतो. येथे वाळलेले पान उपयोगी पडते. ते ज्या दिवशी तोडले त्या दिवशी त्यातील रोगजंतूचा वंशलेखही जणू थांबला. पानावर तारीख व गाव असल्यास तो शेताच्या हद्दीवरील दगडासारखा पक्का पुरावा होतो. आणि असे दहा-वीस दगड निरनिराळ्या सालांचे मिळाले म्हणजे फेरफार किती वर्षांस किती होतात याचे मान काढता येते.

काम मात्र सोपे नव्हे. शंभर वर्षांच्या पानातील लेख कसर लागलेल्या दप्तराप्रमाणे तुकडे तुकडे झालेला असतो. एकेक तुकडा बहुधा शंभर अक्षरांहूनही आखूड. त्यात बटाट्याच्या पानाचा लेख, रोगजंतूचा लेख आणि मागाहून वाढलेल्या इतर जीवांचे लेख यांची सरमिसळ. तुकड्यांच्या कडांवरील अक्षरे काळाने झिजून बदललेली असतात. पण ही झीजसुद्धा उपकारक ठरते. कारण तीवरूनच लेख खरोखर जुना आहे, आजच्या कोणा हाताचा मळ त्यास लागलेला नाही, अशी खात्री करून घेता येते. पानाचा अगदी लहानसा तुकडा एवढ्यास पुरतो.

बटाट्याच्या दुष्काळाचा आरोपी

या पद्धतीचा पहिला मोठा खटला आयर्लंडातील बटाट्याच्या करप्याचा होय. हा रोग १८४३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात दिसला, १८४५ मध्ये बेल्जममार्गे सर्व पश्चिम युरोपात पसरला आणि आयर्लंडात त्याने कहर केला. तेथील गरीब कुळे केवळ बटाट्यावर जगत. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व साथींनी मेली आणि तितकीच देश सोडून गेली. रोगाचे कारण ओलसर हवा की जंतू, यावर त्या वेळी मोठा वाद माजला. इंग्लंडातील पाद्री बर्कली यांनी १८४६ मध्ये जंतूचा पक्ष मांडला. जर्मनीतील दे बारी यांनी पुढे प्रयोगांनी तो सिद्ध केला व १८७६ मध्ये त्या जंतूस 'फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स' हे नाव दिले.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शास्त्रज्ञांचा समज असा होता की, जगभर पसरलेले 'यूएस-१' नावाचे कूळ हेच दुष्काळाचे कारण. तर्क सयुक्तिक होता. कारण दुसरे इतके जुने व सर्वत्र पसरलेले कूळ कोणास माहीत नव्हते. परंतु २००१ मध्ये जीन रिस्टायनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुष्काळाच्या काळातील वाळलेल्या पानांतून जंतूच्या लेखाचा काही भाग वाचला, तेव्हा तो यूएस-१ शी जुळेना. मग २०१३ मध्ये लंडनजवळील क्यू येथील व म्युनिक येथील संग्रहांतील एकोणिसाव्या शतकातील अकरा नमुन्यांचे लेख वाचण्यात आले. तेव्हा निश्चित झाले की, आरोपी निराळाच होता. त्यास 'हर्ब-१' असे नाव मिळाले. दुसऱ्या एका पद्धतीच्या तपासणीत त्यासच 'फॅम-१' म्हणतात. यूएस-१ त्याचा वंशज नव्हे, चुलतभाऊ होय. निरपराध चुलत्याच्या नावावर दीडशे वर्षे खून नोंदलेला असावा, तसा हा प्रकार झाला.

रिस्टायनो यांच्याच प्रयोगशाळेने २०२१ मध्ये १८४५ ते १९९१ या काळातील, सहा खंडांतून आलेले १४० नमुने तपासून प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे ७३ टक्के नमुन्यांत दुष्काळाचे तेच फॅम-१ कूळ निघाले, आणि ज्या ज्या जुन्या ब्रिटिश वसाहतींचे नमुने उपलब्ध होते त्यांपैकी बहुतेकांत सर्वांत प्रथम आलेले कूळही तेच होते. म्हणजे आगबोटींतून बियाण्याचे बटाटे जेथे जेथे गेले, तेथे तेथे आयर्लंडचा वैरी त्यांच्या डोळ्यांत दडून गेला. आपल्या देशात या रोगाने प्रवेश केला तो निलगिरीवर व दार्जिलिंगकडे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, थंड डोंगरी मुलखातील बटाट्याबरोबरच.

या खटल्यातून दुसरी एक मोठी गोष्ट बाहेर आली. विसाव्या शतकाच्या आरंभी मेक्सिकोतील रानटी बटाट्याशी संकर करून रोगप्रतिकारक वाण काढण्यात आले. काही वर्षे ते टिकले आणि मग एकामागून एक बळी पडले. जुन्या पानांतील जंतूचा लेख पाहता, या वाणांचा पाडाव करण्याची आजच्या कुळांत असलेली सामग्री त्या काळच्या कुळात पुष्कळ अंशी नव्हती. वंशसूत्रांचे संचही जुन्या कुळात दोन आणि आजच्या कित्येक कुळांत तीन आढळले. माणसाने कुंपण उंच केले तशी चोरानेही शिडी लांब केली, असाच याचा अर्थ. रोग तोच, नाव तेच. पण आतील आसामी बदलली.

लिंबावरील खैऱ्या आणि आंब्यावरील त्याचा सोयरा

बटाटा आमच्या किनाऱ्याचे पीक नव्हे, म्हणून कोणी वाचक म्हणेल की ही परक्या घरची भांडणे. तर परसातील कागदी लिंबाकडे पाहावे. पानांवर, काट्यांजवळ व फळांवर तपकिरी, खरबरीत, पिवळ्या कडेचे फोड येतात, तो खैऱ्या. याचा जंतू अतिसूक्ष्म असून तो पावसाच्या शिंतोड्यांनी आणि पाने पोखरणाऱ्या नागअळीच्या जखमांतून पसरतो.

या रोगाचा सर्वांत जुना उपलब्ध पुरावा आपल्याच देशातला आहे. १८२७ ते १८३१ या काळात हिंदुस्थानात गोळा केलेल्या महाळुंगाच्या वाळलेल्या फांदीवर खैऱ्याचे फोड आहेत, हे १९३३ मध्ये क्यू येथील संग्रह चाळताना दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. ज्याने ती फांदी गोळा केली त्याच्या मनात रोगाचा विचारही नसेल! पुढे २०२१ मध्ये मॉरिशसातील १९३७ च्या एका नमुन्यातून या जंतूचा संपूर्ण लेख वाचला गेला, आणि २०२३ मध्ये असे तेरा जुने नमुने आजच्या नमुन्यांशी ताडून पाहण्यात आले. निष्कर्ष असा की, हा जंतू सुमारे ११,५०० वर्षांपूर्वी दक्षिण आशियाच्या बाजूस उत्पन्न झाला, तेराव्या शतकाच्या आरंभी त्याच्या शाखा फुटू लागल्या, आणि मग व्यापाराच्या व वसाहतींच्या वाटांनी, लिंबू-संत्र्यांच्या रोपांबरोबर, तो जगभर गेला. बटाट्याचा करपा आपल्याकडे बाहेरून आला. खैऱ्या मात्र आपल्या बाजूने बाहेर गेला. रोगांच्या बाबतीत देणेकरी व घेणेकरी दोन्ही आपणच आहो.

देवगडच्या हापूस बागायतदारांस आणखी एक गोष्ट कळविणे जरूर आहे. आंब्याच्या पानांवर कोनाकृती काळे डाग पाडणारा व फळ चिरविणारा एक जंतू आहे. त्याचे वर्णन १९४८ मध्ये पुण्याचे म. के. पटेल व त्यांचे सहकारी मोनिझ आणि कुलकर्णी यांनी नवीन रोग म्हणून प्रसिद्ध केले. हल्लीच्या जनुकीय वर्गीकरणात हा आंब्याचा जंतू व लिंबाचा खैऱ्या एकाच जातीचे दोन प्रकार ठरले आहेत. वाडीत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांचे दोन निराळे शत्रू एकमेकांचे सोयरे निघावे, ही गोष्ट नुसत्या डोळ्यांनी कोणास कधी कळली असती काय?

'रोग आहेच, मग आणखी आला तर काय?'

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बाहेरगावची रोपे आणू नका, निदान पारखून आणा, असे सांगितले म्हणजे पुष्कळ सभासद उत्तर करितात की, कोळे आमच्या वाडीत पिढ्यान् पिढ्या आहेच. बाहेरच्या रोपाबरोबर थोडे आणखी आले म्हणून काय बिघडणार? हे उत्तर ऐकावयास खरे वाटते. पण वर सांगितलेल्या सर्व शोधांनी ते खोटे पाडले आहे, व तेही दोन कारणांनी.

पहिले कारण असे की, आहे तो आणि येतो तो एकच नसतात. आपल्या देशात बटाट्याचा करपा शंभर वर्षांहून जुना; तरीही '१३-ए-२' नावाचे कूळ, जे २००४ च्या सुमारास पश्चिम युरोपात प्रथम ओळखले गेले, ते पुढील काही वर्षांत कर्नाटकाकडे आले आणि टोमॅटोच्या पिकाची त्याने धूळधाण केली. २०१३-१४ च्या हंगामात पश्चिम बंगालातील बटाट्यावर जी भयंकर साथ आली तीतही हेच कूळ सापडले. मेटालॅक्सिल या ज्या औषधावर शेतकऱ्यांचा भरवसा होता, त्यास हे कूळ दाद देत नाही. जुन्या रोगाचेच नाव धारण करून आलेला हा नवा शत्रू जुन्या शस्त्राने मरेना, आणि शेतकऱ्याने औषधाचा खर्च करूनही पीक गमावले.

दुसरे कारण याहूनही सूक्ष्म आहे. फायटोफ्थोराच्या पुष्कळ जातींत दोन लिंगप्रकार असतात, आणि दोन्ही एकत्र आल्यावाचून त्यांचा खरा संकर होत नाही. बटाट्याच्या फायटोफ्थोराचा दुसरा प्रकार मेक्सिकोबाहेर कोठे नाही, असा फार दिवस समज होता. तो विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात स्वित्झर्लंडात सापडला. दोन प्रकार एका शेतात आले म्हणजे त्यांची संतती नाना तऱ्हेची निपजते, आणि त्यांचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत दीर्घकाळ टिकतात. पोफळीवरील पाल्मिव्होरा व मीडिआय यांतही असेच दोन प्रकार आहेत. म्हणून ज्या वाडीत कोळे आहे तीत परके कोळे आणणे म्हणजे घरात एक चोर आहेच म्हणून दुसऱ्यास जेवावयास बोलाविणे होय. दोघे मिळून काय मसलत करतील, हे घरधन्यास कळावयाचे नाही.

परका रोग ओळखण्याच्या कामी या विद्येचा उपयोग किती तातडीने होतो, याचे उदाहरण बांगलादेशातील गव्हाचे आहे. तेथे २०१६ मध्ये गव्हावर करपा प्रथमच पडला. रोगट ओंब्यांतील जंतूचा लेख थोड्याच आठवड्यांत वाचून शास्त्रज्ञांनी दाखविले की, तो भाताच्या स्थानिक करप्याचा जंतू नसून, ब्राझिलात १९८५ मध्ये प्रथम आढळलेल्या दक्षिण अमेरिकेतील गव्हाच्या करप्याच्या वंशातला आहे. हा निर्णय लागला तो दक्षिण अमेरिकेतील जुने-नवे नमुने तुलनेसाठी हाताशी होते म्हणून. तुलनेस दप्तर नसते, तर आरोपी समोर उभा असूनही ओळख पटली नसती.

आमच्या वाड्यांनी काय करावे

पहिली गोष्ट रोपांची. पोफळीची व माडाची रोपे शक्य तो आपल्याच भागातील निरोगी, जुन्या, भरवशाच्या झाडांच्या बियांपासून करावी. बाहेरचे वाण हवे असल्यास ते कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारी संशोधन केंद्राच्या रोपवाटिकेतून घ्यावे. रस्त्याच्या कडेला गाडी लावून विकणाऱ्याकडून घेऊ नये. आणलेली रोपे एक पावसाळाभर मुख्य वाडीपासून दूर, पाण्याचा निचरा वाडीकडे येणार नाही अशा जागी ठेवावी. रोपाबरोबर येणाऱ्या मातीची पिशवी हीच रोगाची पालखी असते, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट बोर्डो मिश्रणाची. नवीन नवीन औषधे एकाच मर्मावर घाव घालतात; सबब जंतूच्या वंशलेखात थोडासा फेरफार झाला की ती निरुपयोगी होतात. तांब्याचे औषध जंतूच्या अनेक अवयवांवर एकदम घाला घालते, म्हणून १८८५ पासून आजतागायत ते टिकून आहे. एक किलो मोरचूद व एक किलो चांगला कळीचा चुना शंभर लिटर पाण्यास घ्यावा. दोन्ही निरनिराळ्या भांड्यांत विरघळवून मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ओतीत ढवळावे; लोखंडाचे भांडे वापरू नये. तयार मिश्रणात घासलेला विळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस पुट चढल्यास चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. पहिली फवारणी पावसाच्या तोंडी आणि दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप पाहून करावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. गळालेली फळे व रोगट घोस बुंध्याशी कुजू न देता गोळा करून जाळावे. घोस तसेच शेंड्यावर वाळत राहिल्यास पुढील साली रोग तेथूनच उतरतो.

तिसरी गोष्ट, आणि या लेखाचा खरा हेतू, नमुन्यांची. आपल्या देशात हे दप्तर ठेवण्याचे काम जुन्या काळी सुरू झाले. एडविन बटलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बिहारातील पुसा येथे रोगट वनस्पतींचा जो संग्रह उभारला, तो आज दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत आहे. पुण्यास १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या, म्हणजे हल्लीच्या आघारकर संशोधन संस्थेत, प्रा. आजरेकर यांच्या नावाने बुरशींचा मोठा संग्रह आहे. परंतु दिल्ली-पुण्याच्या कपाटांत मिठबावच्या, तांबळडेगच्या वा आचऱ्याच्या वाडीतील प्रत्येक सालचे पान जाऊन पडेल, ही अपेक्षा करणे रास्त नव्हे. ते काम गावानेच केले पाहिजे.

नमुना ठेवण्याची रीत

रीत अवघड नाही. रोग नुकताच लागला असता डागाळलेली तीन-चार पाने घ्यावी. सुपारी असल्यास सालीचे पातळ काप करावे. कुजून पाणी सुटलेला भाग घेऊ नये. ती जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वर पाटा किंवा फळी ठेवून दाबावी व कागद रोज बदलावा. पावसाळ्यात हवा दमट असल्याने हे न चुकता करावे लागते. चुलीवर किंवा तापल्या पत्र्यावर वाळवू नये. फार उष्णतेने वंशलेख नासतो. औषधांच्या व यंत्रांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या ज्या पुड्या येतात, त्यांसह घट्ट झाकणाच्या बरणीत ठेविल्यास काम लवकर व उत्तम होते. फॉर्मेलिनमध्ये नमुना कदापि बुडवू नये. रूप टिकते, पण लेख वाचता येत नाही.

वाळल्यावर कागदी पाकिटात घालून वर शिसपेन्सिलीने लिहावे: गाव व वाडी; झाडाची जात, वय व रोप कोठून आणले; तारीख; आधीच्या पंधरवड्यातील पाऊस; कोणते औषध केव्हा फवारले व त्याचा गुण आला की नाही. शाई ओलीने पसरते, शिसपेन्सिल पसरत नाही. रोप कोठून आणले हा रकाना रिकामा ठेवू नये. फेरफाराच्या नोंदीत खरेदीखताचे जे महत्त्व तेच येथे या रकान्याचे. पाकिटे कसरीपासून जपून, उंच कोरड्या जागी, पत्र्याच्या पेटीत ठेवावी. रोगट ओला माल मात्र तपासणीसाठीदेखील विचारल्यावाचून परगावी पाठवू नये. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठास, अथवा आंब्यापुरते जवळच्या गिर्ये-रामेश्वर येथील संशोधन उपकेंद्रास आधी कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे वागावे.

आमची सूचना अशी आहे की, संघाच्या प्रत्येक गावशाखेने अशी एक पेटी ठेवावी, आणि दर पावसाळ्यात पोफळ, माड, आंबा, काजू व भात या पाच पिकांच्या रोगांचे प्रत्येकी निदान दोन नमुने तीत टाकावे. गावच्या शाळेतील मुलांस हे काम दिल्यास ती ते हौसेने करतील व त्यांस वनस्पतिशास्त्राचा धडाही मिळेल. खर्च म्हणाल तर रद्दी कागद, पाकिटे व एक पेटी, इतकाच. या पेटीचा उपयोग आज पेटी भरणारास होईल असे नाही. ज्याने दीडशे वर्षांपूर्वी आयर्लंडातील करपलेले पान दाबून ठेवले, त्यासही त्याचे फळ पाहावयास मिळाले नाही. परंतु जो बागायतदार आज लावलेल्या माडाचे नारळ नातवाने खावे म्हणून खड्डा खणतो, त्यास हा हिशेब निराळा शिकवावयास नको. पुढील पिढीच्या वाडीत एखादे साली कोळ्याने नेहमीचे औषध मानले नाही, तर तो जुनाच शत्रू आहे की नवा शिरलेला, हे तिला विचारता यावे, व उत्तर देणारा कागद गावातच सापडावा. येत्या मृगापूर्वी आपापल्या शाखेत ही पेटी ठेवण्याची तजवीज सभासदांनी करावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.